गुंजवण्यात हरवलेली अर्धी सुई

सोमनाथने एक्स-रेच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मावशी, ही सुई कधी गिळली तुमच्या मांडीनं?"

गुलजारबीला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. भोरातल्या निम्म्या पोरांसारखा सोमनाथही तिने शिवलेल्या गोधडीत लहानाचा मोठा झालेला, तेव्हा थट्टा करायचा त्याचा हक्कच होता. ती आली होती पायाचा फोटो काढायला. परवा स्टँडवर एसटीच्या पायरीवरून उतरताना तिचा तोल गेला, डाव्या गुडघ्यावर आपटली आणि सूज काही उतरेना. म्हणून मुलगा इरफान आज कारखान्यात सुट्टी टाकून तिला इथे घेऊन आला. हाड मोडलंय की नाही, एवढंच बघायचं होतं. हाड शाबूत होतं. पण हाडाच्या कडेला, गुडघ्याच्या वर सहा-सात बोटांवर एक पांढरी रेघ उभी होती. सरळ, स्वच्छ आणि एका टोकाला निमुळती.

तिला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं जिने बोटांत सुई धरली तिला सुई ओळखू येणार नाही तर कुणाला? पण ओळखणं वेगळं आणि मानणं वेगळं. तिने पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मांडीकडे, मग परत पडद्याकडे.

"माझ्या अंगात हाय ही?"

"मग कुणाच्या? फोटू तुमचाच हाय."

"म्हंजी पोरीच्या अंगात न्हाई?"

सोमनाथने इरफानकडे पाहिलं. इरफानलाही काही उमजेना. कुठली पोर हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. खरं तर गुलजारबी सोडून जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. बारा वर्षं तिने ते पोटात ठेवलं होतं, आणि पोटातलं ओठावर येऊ न देण्यात ती किती पक्की होती हे मी सांगतो, ऐका.

भोर-वेल्ह्याच्या गावांत गोधडी शिवायची पद्धत अशी होती की कापडं शिवणारीकडे न्यायची नाहीत, शिवणारीनेच घरी यायचं. घरच्यांनी जुनी लुगडी, धोतरं काढून द्यायची. ओसरीवर ती अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आणि कडेने टाके घालत घालत मध्याकडे सरकायचं. दोन-तीन दिवस तिथंच जेवायचं, तिथंच निजायचं. गुलजारबी उन्हाळाभर अशी गावोगाव फिरायची. हे काम तिला सासूने शिकवलं आणि टाक्याच्याही आधी एक नियम शिकवला. सुया मोजून काढायच्या आणि मोजून ठेवायच्या. एक जरी कमी भरली तर अख्खी गोधडी उसवायची. "धागा परत मिळतो, कापड परत मिळतं," सासू म्हणायची, "गोधडीत राहिलेली सुई कुणाच्या अंगात जाईल ते अल्लालाच ठाव."

गुंजवण्याची रतनबाई हे तिचं ठरलेलं घर. किल्ल्याच्या पायथ्याला भाताची खाचरं, घराला लांबरुंद ओसरी, आणि रतनबाईच्या तोंडाला कधी कुलूप नाही. दोघींचं असं गूळपीठ जमलं होतं की दोन दिवसांचं काम आठ दिवस पुरवायच्या, आणि गोधडी संपली की दोघींची तोंडं उतरायची. रतनबाईच्या सुनेला मुलगी झाली तेव्हा बारशाची गोधडी गुलजारबीनेच शिवायची, हे सांगायचीही गरज नव्हती. रतनबाईने पेटीच्या तळातून आपल्या मेलेल्या आईचं लुगडं काढून दिलं.

बारशाच्या आदल्या दुपारी गोधडीवर गुडघे टेकून सरकताना गुलजारबीला कचकन काहीतरी टोचलं. गुडघ्याच्या वर रक्ताचा एक थेंब आला. असं दिवसातून चारदा व्हायचं. तिने हळद दाबली आणि पुढचा टाका घातला. शेवटचे टाके गावातल्या पाच सवाष्णींनी घातले, गोधडीला हळदकुंकू लावलं आणि ती घडी घालून पाळण्यात ठेवली. मग गुलजारबी सुया मोजायला बसली. चार पुऱ्या भरल्या. पाचवीचं नुसतं नेढं होतं, धाग्याला लोंबकळत. टोकाकडची अर्धी सुई नव्हती.

आता नियमाप्रमाणे गोधडी उसवायला हवी होती. पण सवाष्णींनी टाके घातलेली, कुंकू लावलेली बारशाची गोधडी उसवायची? मोठा अपशकुन. तेही पाहुण्यांनी भरलेल्या घरात, आणि तेही रतनबाईच्या आईचं लुगडं! गुलजारबीची जीभच उचलली नाही. जुन्या रेडिओतला लोहचुंबक तिच्या पिशवीत असायचा, तो तिने कुणाचं लक्ष नसताना गोधडीवरून फिरवला. तळहात फिरवले. ओसरी दोनदा झाडली. दुसऱ्या दिवशी बाया पाळणा म्हणत होत्या आणि ही खाली मान घालून कधी पाळण्याजवळ, कधी दाराशी, कधी ओसरीच्या कडेला जमीन न्याहाळत फिरत होती. पंगत बसायच्या आत तिने एसटी पकडली. चूक म्हणाल तर एवढीच, पण ती तिच्यासारख्या बाईनेच करावी अशी होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तशी तिने सगळी ओसरी धुंडाळली, आणि हळद लावलेल्या स्वतःच्या पायाकडे एकदाही पाहिलं नाही. सुई टोचते आणि निघते, एवढंच तिला ठाऊक.

पुढे दीड-दोन वर्षांनी नसरापूरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं, रतनबाईची नात स्नेहल चालायला लागली, पण पोर डावा पाय ओढते, खुब्यात दोष आहे म्हणे. गुलजारबीच्या हातातली भाजीची पिशवी तिथंच खाली पडली.

त्या दिवसापासून गोधडी बंद. डोळ्यांना दिसत नाही असं तिने गावाला सांगितलं आणि घरी बसून मशीनवर परकर, पिशव्या शिवू लागली. वर्षातून एकदा, भाताच्या लावण्या उरकल्या की गुंजवण्याला जायची. स्नेहलसाठी बांगड्या, फ्रॉक, कधी इरफानने कारखान्यातून आणलेलं काही न्यायची. उंबऱ्याशी उभी राहून द्यायची आणि "एसटी जाईल" म्हणून निघायची. पाणीसुद्धा प्यायची नाही. रतनबाई "बस की गं" म्हणायची, पण पहिल्यासारखा हात धरून ओढायची नाही. तिची नजरही कुठेतरी भलतीकडेच असायची. गुलजारबी मनात म्हणायची, हिला कळलंय. कळून बोलत नाही. स्नेहल मात्र "गुलजारआजी" करत पाय ओढत धावत यायची, आणि त्या पावलाचा फरफर आवाज ऐकला की गुलजारबीच्या काळजाचं पाणी व्हायचं.

तर आता ती सोमनाथच्या खोलीत बसली होती आणि ती सुई तिच्याच मांडीत होती. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला. हसू का रडू हे तिला कळेना.

आणि तेवढ्यात तिच्यातली शिवणारी जागी झाली.

"सोमनाथ, लांबी किती रं हिची?"

सोमनाथने पडद्यावर मोजून सांगितलं, वीस मिलिमीटर. तिने पिशवीतून पत्र्याची डबी काढली. डबीत तांबड्या चिंधीला एक मोडकं नेढं आणि त्याच नंबरची एक पुरी सुई टोचलेली होती. आई हे मोडकं नेढं बारा वर्षं बरोबर घेऊन फिरते, हे इरफानने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिने नेढं पुऱ्या सुईला लावून धरलं आणि उरलेला भाग मोजायला सोमनाथकडे दिला. त्याने पट्टी लावली. अठ्ठावीस.

"वीस आन अठ्ठावीस," ती म्हणाली. "एक भाताचा दाना कमी भरतोय."

"आता एवढ्यातेवढ्याचं काय, अम्मा?" इरफान म्हणाला.

"एवढ्यातेवढ्याचं?" ती एकदम ओरडली. सोमनाथ दचकून मागे सरकला. "तो दाना कुठं गेला? पोरीच्या खुब्यात गेला का न्हाई, कोन सांगनार मला?"

मग तिने सगळं सांगितलं. लुगडं, सवाष्णी, नेढं, पोरीचं पाऊल. न थांबता सांगितलं. इरफान तोंडाचा आ करून ऐकत राहिला. आपली आई दरसाल गुंजवण्याला हौसेने जाते, असं तो समजत होता. तिच्या त्या खेपांत असलं काही दडलं असेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याला आईची कीव आली आणि रागही आला.

सोमनाथ मात्र उठला. "मावशी, हा समोरनं काढलेला फोटू हाय. एका मागं एक माणूस उभा राहिला तर समोरच्याला एकच दिसतो. जरा कुशीवर व्हा."

ती कुशीवर झाली. यंत्र खटकलं. पडद्यावर दुसरा फोटो उमटला.

दोन तुकडे होते. मोठा पुढे, आणि त्याच्या पाठीला पाठ लावल्यासारखा, बोटाच्या पेराएवढं अंतर राखून, धाकटा मागे. दोन्ही एकाच दिशेने तोंड करून. सोमनाथने धाकटा मोजला. आठ मिलिमीटर.

गुलजारबीने दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली. "दोन तुकडं झालं हिचं," ती म्हणाली. "आन बारा वर्सं एकमेकाला सोडलं न्हाई? मांसात त्यांना कुनी बांदलंवतं का?"

इरफान शिरवळला रबराच्या कारखान्यात कामाला. गाड्यांना लागणारे रबराचे भाग तिथे बनतात. फोटोकडे बघता बघता त्याच्या डोळ्यांत ओळख पटली.

"अम्मा, स्नेहलला तू मागं माझ्याकडनं ते खेळणं नेलंवतंस, आठवतंय? आरपार दिसणारं रबर, मधी सायकलचे दोन छर्रे?"

"व्हय. पोर लई खूश झालीती."

"त्यातला एक छर्रा चुंबकानं ओढला तर दुसरा काय करतो?"

गुलजारबीने आठवून पाहिलं. "तोबी जरा सरकतो. म्या म्हनलं, काय जादू केलीस."

"जादू कसली! छर्रा एकटा सरकतच न्हाई. सरकताना भोवतालचं रबर ओढून नेतो, आन त्या ताणात दुसरा सापडतो. जवळ असले तर जास्त, लांब असले तर कमी. छर्‍याच्या जागी काडी घातली तर ती वळतेसुद्धा. दोगांमधी काय बांदलेलं नसतं, मधलं रबरच दोगांना बांदतं. चुंबक काढला की सगळं माघारी जाग्यावर येतं. तुझी मांडी काय रबर न्हाई, तिथं सरकलेलं माघारी येत न्हाई. बारा वर्सं तू बसलीस, उठलीस, चढलीस, मशीन हानलीस. दरवेळी केसभर पुढं. मोठा तुकडा जिकडं गेला तिकडं धाकट्याला वळावं लागलं."

"आन मला कळलं न्हाई," गुलजारबी पुटपुटली. तिला खरा धक्का त्याचाच बसला होता. घरात मांजर आलं तरी कळणारी बाई ती, आणि स्वतःच्या अंगात सुईचे दोन तुकडे सहा-सात बोटं चालत गेले तरी पत्ता नाही. गुडघा ठणकायचा तेव्हा ती म्हणायची, वय झालं.

फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं, घाई नाही, तुकडे रक्तवाहिनीपासून लांब आहेत, सूज उतरली की काढू. गुलजारबीला मात्र एका गोष्टीची घाई होती. दुसऱ्याच दिवशी तिने इरफानला भाड्याचा टेम्पो करायला लावला. सुजलेला पाय समोर लांब करून, दोन्ही फोटो छातीशी धरून ती गुंजवण्याला निघाली.

रतनबाई ओसरीवर वाल निवडत बसली होती. शेजारी शाळेतून आलेली स्नेहल गृहपाठ करत होती. तिच्या बुडाखाली तीच गोधडी होती, विटलेली, दोन ठिकाणी फाटलेली. गुलजारबी लंगडत आली, उंबऱ्याशी थांबली नाही आणि सरळ त्या गोधडीवर बसली. रतनबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बारा वर्षांत ही बाई या घरात बसली नव्हती.

"स्नेहल, बाळा, आजीला चा ठेव," रतनबाई म्हणाली. पोर पाय ओढत आत गेली.

"आक्का," गुलजारबी म्हणाली, "मला आदी बोलू दे. मदी बोललीस तर माझ्यानं व्हायचं न्हाई." आणि तिने सांगितलं. मोडलेली सुई सांगितली, न उसवलेली गोधडी सांगितली, आणि स्नेहलचा पाय आपल्या सुईनेच गेला असं इतकी वर्षं वाटत होतं तेही सांगितलं. शेवटी फोटो पुढे केले. "दोनीबी माझ्यातच हायेत. आट आन वीस, अठ्ठावीस. मोजून घे."

रतनबाईने फोटोंना हातही लावला नाही. ती उठून आत गेली. पेटी सरकवल्याचा आवाज आला. गुलजारबीला वाटलं, झालं, आता ही बाहेर येणारच नाही. रतनबाई आली ती हातात एक पिवळं पाकीट घेऊन. त्यातून तिने तसाच एक काळा फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. लहान मुलाची कंबर, चिमुकले दोन खुबे, त्यातला डावा नीट न बसलेला. बाकी फोटोभर काहीसुद्धा नाही.

"दीड वर्साची असताना काढलाय पुन्याला," रतनबाई म्हणाली. "डाक्टर म्हनला, जल्मापासनंच खुबा बसल्याला न्हाई. लवकर आनली असती तर पट्टा लावून बरा झाला असता. सुईबिई काय न्हाई ह्याच्यात. ह्या पेटीतच पडलाय तवापासनं." तिचा आवाज चढला. "अगं बये, एकदा इचारलं असतंस तर! एकदा!"

गुलजारबी त्या फोटोकडे बघतच राहिली. दरसाल ती जिथे उभी राहून परत फिरली, त्या उंबऱ्यापासून ती पेटी दहा पावलांवर होती. बारा वर्षं, दहा पावलं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. तिने पदर तोंडात कोंबला आणि ती हमसून हमसून रडली.

"तूबी मला हात धरून बसवलं न्हाईस," थोड्या वेळाने ती म्हणाली. "नजर चुकवायचीस. मला वाटलं, तुला सुईचं कळलंय."

रतनबाई हळूच खाली बसली. तिचा चेहरा उतरला होता. सुपातले वाल तिने उगीचच इकडचे तिकडे केले.

"मला वाटलं, तुला ऐकू आलंय," ती म्हणाली.

"काय?"

"बारशाच्या दिशी माझी ननंद बोलली ते. पाळन्यापाशीच बोलली, चार बायांच्या देखत. म्हनली, पयल्या नातीच्या अंगाखाली मुसलमानिनीच्या हातची गोधडी कशाला घातलीस, दुसरं कुनी गावलं न्हाई का. तू तितंच दाराशी हुतीस, खाली मान घालून. आन म्या... म्या गप बसले, गुलजार. पावन्यांत तमाशा नको म्हनून गप बसले. वळून बगते तर तू न जेवता निगून गेलीवतीस. मंग दरसाल यायचीस, पानीबी पियाची न्हाईस. म्या मनात म्हनायची, बराबर हाय तिचं, कुठल्या तोंडानं हिला बस म्हनू? बारा वर्सं सलतंय ते मला."

आतून स्नेहल पेले घेऊन येत होती. तिच्या पावलाचा तो फरफर आवाज जवळ आला. गुलजारबीने तोंडातला पदर काढला आणि रतनबाईकडे अशी पाहत राहिली, जशी काल सोमनाथच्या पडद्याकडे पाहत राहिली होती.

"मला काय बी ऐकू आलं नव्हतं गं, आक्का," ती म्हणाली. "मी सुई हुडकत हुते."